शब्दसंपत्ती आणि आम्ही

संपत्ती दोन प्रकारची असते. एक बँकेत ठेवता येते आणि दुसरी ठेवता येत नाही. मी रोज पहिल्या प्रकारची संपत्ती मोजतो, पण ती दुसऱ्यांची असते. तेव्हा स्वतःसाठी म्हणून दुसऱ्या प्रकारच्या मागे लागणे भाग होते. या दुसऱ्या प्रकारात विद्या, कीर्ती, चारित्र्य वगैरे बऱ्याच गोष्टी येतात. त्यांत सर्वांत स्वस्त म्हणजे शब्दसंपत्ती, आणि तीही इंग्रजी. मराठी शब्दसंपत्ती वाढवण्याचे पुस्तक कुणी पदरचे पैसे देऊन घेतल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मराठी शब्द आईच्या दुधाबरोबर येतात आणि जन्मभर पुरतात अशी आपली समजूत आहे. इंग्रजीला मात्र वरचे दूध लागते.

हे वरचे दूध पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळते आणि मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर. आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. वडिलांच्या पिढीने 'रीडर्स डायजेस्ट'मधले शब्दांची परीक्षा घेणारे पान सोडवले. हे पान त्या मासिकात १९४५ पासून येऊ लागले, आणि आमच्याकडे ते नेहमी कुणीतरी आधीच पेन्सिलीने सोडवलेल्या अवस्थेत येत असे. माझ्या पिढीच्या वाट्याला नॉर्मन लुईस आला. या अमेरिकन गृहस्थाचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे पुस्तक १९४९ सालचे. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक कॉमर्सवाल्याच्या घरी ते असते. पहिली पन्नास पाने बोटांच्या डागांनी काळी झालेली, आणि पुढची कोरी करकरीत. पुस्तकाकडे आडव्या बाजूने पाहिले तरी मालक कुठवर गेला होता ते कळते.

या बाबतीत माझा एक सिद्धान्त आहे. अमेरिकेला जाऊ इच्छिणारी मुले बॅरन्सच्या पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करायची. अशा याद्या अकारविल्हे असतात. (अकारविल्हे हा शब्दही आता अशा एखाद्या यादीत घालण्याजोगा झाला आहे.) उत्साह असतो तोवर 'ए' चालू असतो. 'बी'च्या वेळी पाहुणे येतात. 'सी'च्या वेळी घरात आजारपण निघते आणि 'डी'च्या सुमारास परीक्षा होऊन गेलेली असते. त्यामुळे आपल्याकडच्या माणसांची शब्दसंपत्ती 'ए'मध्ये अफाट असते. एखाद्याच्या तोंडून आठवड्यात तीनदा 'अबेयन्स' ऐकू आले की खुशाल समजावे, गृहस्थ यादीच्या पहिल्या पानावर मुक्काम करून परतलेले आहेत. आमच्या शाखेत असे एक सहकारी होते. त्यांच्याकडची फाईल कधीच 'पेंडिंग' नसे. ती 'अबेयन्स'मध्ये असे. पेंडिंग फाईलबद्दल साहेब ओरडतात. अबेयन्समधल्या फायलीबद्दल ओरडण्याआधी त्यांना स्पेलिंग आठवावे लागते, आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी होते. 'झेड'ने सुरू होणारा शब्द बोलण्यात वापरणारा माणूस, झीब्रा क्रॉसिंग सोडले तर, मला अजून भेटायचा आहे.

लुईस हुशार. त्याने एबीसीडीचा नाद सोडला आणि सुरुवात माणसांपासून केली. स्वतःच्या फायद्यापलीकडे न पाहणारा तो इगोइस्ट, सारखे स्वतःबद्दल बोलणारा तो इगोटिस्ट, माणूसघाणा तो मिसॅन्थ्रोप, बायकांचा द्वेष करणारा तो मिसॉजिनिस्ट आणि लग्नाचा द्वेष करणारा तो मिसॉगमिस्ट. शेवटचे दोन शब्द मी मोठ्याने घोकत होतो तेव्हा आमची ही कणीक मळत होती.

"अहो, यातले तुम्ही कोणते?"

"कोणताच नाही."

"मग दोन्ही इतक्या प्रेमाने काय म्हणताय?"

पुढे एक प्रकरण खोटे बोलणाऱ्यांवर आहे. त्या कलेत पारंगत तो कॉन्समेट, सुधारण्यापलीकडे गेलेला तो इनकॉरिजिबल, सवय हाडीमाशी खिळलेला तो इनव्हेटरेट, जन्मजात तो कन्जेनिटल आणि ज्याला मनाची टोचणीच नाही तो अन्कॉन्शनेबल. हे प्रकरण पाठ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर बसलो, तर रांगेत एकही साधा माणूस दिसेना. "फक्त दोन मिनिटांचं काम आहे" म्हणणारा कॉन्समेट निघाला, "मी मघाशी इथेच उभा होतो" म्हणणारा इनव्हेटरेट. नवा चष्मा लावला की दोन दिवस जमीन खालीवर दिसते, तसे झाले. शब्द शिकण्यातला हा एक धोका कुणी पुस्तकावर छापत नाही. शब्द मिळाला की त्यात कोंबायला माणूस लागतोच. आणि आपल्याकडे थापाड्या, बाताड्या, बंडलबाज, लबाड अशी भरभक्कम सोय असताना आपण हे लॅटिन गोत्रातले खोटारडे कशाला पोसायचे, हाही प्रश्न आहे. 'लोणकढी थाप' तर लुईसकडे नाहीच. लोणी कढताना घरभर जो खमंग वास सुटतो, तो ज्या थापेला असतो ती लोणकढी. तिच्यात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यालाही आनंद असतो. अशा थापेला पाप म्हणायचे की पाककृती, हे ठरवणे कठीण.

शब्द ध्यानात राहत नाहीत अशी तक्रार केली तेव्हा शेजारच्या मास्तरांनी सल्ला दिला, "मुळाशी जा. लॅटिनमध्ये शिरा." शिरलो. आत गोठा निघाला!

पैशासंबंधी तो 'पेक्युनिअरी'. मूळ शब्द 'पेकुस', म्हणजे गुरे. हा पेकुस आपल्या संस्कृतातल्या 'पशु'चा सख्खा चुलतभाऊ. 'इम्पेक्युनिअस' म्हणजे कफल्लक, अर्थात ज्याच्या दावणीला काही नाही असा. 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्यावरून माणसांत रमणारा तो ग्रिगेरिअस, वेगळे काढणे ते सेग्रिगेट आणि ज्याच्यासाठी आम्ही बी.कॉम.ला देव पाण्यात घालून बसायचो ते 'ॲग्रिगेट' मार्क्स. 'ईग्रीजिअस' म्हणजे कळपातून बाहेर पडलेला. पूर्वी तो 'फार उत्तम' या अर्थाने वापरत, आता 'फार वाईट' या अर्थाने वापरतात. कळपाबाहेर गेलेल्याचे पुढे काय होते ते या एका शब्दाच्या चरित्रात आले आहे. व्हॅक्सिनमध्ये 'व्हाका' म्हणजे गाय उभी आहे. बँकेत पैशांची अफरातफर झाली की चौकशी अहवालात 'डीफाल्केशन' असा भारदस्त शब्द येतो. त्यातला 'फाल्क्स' म्हणजे विळा. कापून नेणे! २०१७ साली शशी थरूर यांनी एका ट्विटमध्ये 'फरागो' हा शब्द टाकला आणि देशभर लोकांनी शब्दकोश उघडले. फरागो म्हणजे मुळात गुरांपुढे टाकायचा मिसळीचा चारा. पुढच्याच वर्षी त्यांनी एकोणतीस अक्षरांचा 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' बाहेर काढला. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे, एवढाच त्याचा अर्थ. 'कवडीमोल' पाच अक्षरांत भागते, आणि कवडी डोळ्यांना दिसते ते वेगळेच.

एवढे कळल्यावर त्या शब्दांची भीती गेली. ज्यांच्यापुढे आपण अंग चोरून उभे राहतो ते शब्द एके काळी कुणा गुराख्याच्या तोंडचे साधे शब्द होते. परदेशी गेल्यामुळे त्यांना भाव आला, एवढेच. हे माणसांच्या बाबतीतही होते.

इंग्रजी शब्दांचा सर्वांत मोठा कोश ऑक्सफर्डचा. त्याचे संपादकपद जेम्स मरे यांनी १८७९ साली घेतले, पहिला भाग १८८४ साली निघाला, मरे १९१५ साली वारले आणि कोश पुरा झाला १९२८ साली. म्हणजे शेवटच्या अक्षरापर्यंत करणाराही पोचला नाही, मग 'सी'ला थांबणाऱ्यांना का हसावे? तर हे मरे चौदाव्या वर्षी शाळा सोडलेले, आणि उमेदीच्या काळात काही वर्षे लंडनला चार्टर्ड बँक ऑफ इंडियात कारकून होते. हे वाचल्यावर मला जो आनंद झाला तो मी आमच्या कॅशियरला बोलून दाखवला. तो नोटांवरून मान न उचलता म्हणाला, "मग बरोबर आहे. तेव्हा कोअर बँकिंग नव्हतं."

या मरेसाहेबांना हजारोंनी अवतरणे पाठवणारे एक डॉक्टर मायनर होते. अमेरिकन लष्करातले सर्जन. १८७२ साली लंडनमध्ये भ्रमाच्या भरात त्यांनी एका निरपराध माणसाला गोळी घालून ठार केले, आणि पुढे ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून ते कोशासाठी चिठ्ठ्या पाठवत राहिले. कोशात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. म्हणजे शब्द आणि सद्गुण यांचे जॉइंट अकाउंट नसते. ज्याच्याकडे शब्द भारी तो माणूस भारी, हे आपण सरसकट धरून चालतो त्याला कोशकारांच्या घरातच आधार नाही.

मग भारी शब्द जमवायचे कशासाठी?

छाप पडावी म्हणून, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. काही शब्द कामही करतात. रजेच्या अर्जात 'पोट बिघडले आहे' लिहा. साहेब ओव्याचा अर्क सुचवतात आणि दुपारून यायला सांगतात. 'इनडिस्पोज्ड' लिहा, मुकाट्याने सही होते. पोट तेच, बिघाड तोच. पण एका शब्दाने त्याला ऑफिसरच्या ग्रेडमध्ये बढती मिळते. डॉक्टर मंडळी तर या विद्येत फार पुढे गेलेली. रोगाचे कारण सापडले नाही की त्यांच्याकडे 'इडिओपॅथिक' असा शब्द आहे. अर्थ एवढाच, की कारण ठाऊक नाही. 'मला ठाऊक नाही' असे मराठीत सांगून फी घेणारा डॉक्टर माझ्या पाहण्यात नाही. माझ्या सासूबाईंच्या कागदावर 'इसेन्शिअल हायपरटेन्शन' लिहिलेले होते. तिथेही इसेन्शिअलचा अर्थ, नेमके एक कारण दाखवता येत नाही, असाच आहे. पण सासूबाई जुन्या मॅट्रिक. त्यांनी इसेन्शिअल म्हणजे आवश्यक असा सरळ अर्थ लावला, आणि ब्लडप्रेशर आवश्यक आहे असे डॉक्टरांनीच लिहून दिले असताना आपण ते गोळ्या घेऊन कमी का करायचे, असा वाद घातला. तर्कात चूक दाखवा! चार दिवस त्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत. आम्ही तेव्हा हसलो खरे, पण त्या चार दिवसांत काही बरेवाईट झाले असते तर ते कुणाच्या नावावर टाकायचे? सासूबाईंच्या, डॉक्टरांच्या, की त्या शब्दाच्या?

अमेरिकेत डॅनियल ओपनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या विषयावर प्रयोग केले. मजकूर तोच, फक्त साध्या शब्दांच्या जागी विनाकारण लांबलचक शब्द घातलेले. वाचणाऱ्यांना दोन्ही दिले, तर लांब शब्दांचा लेखक त्यांना कमी बुद्धीचा वाटला. २००६ साली निघालेल्या या निबंधाचे शीर्षकच त्याने मुद्दाम इतके अवजड ठेवले होते की त्याला त्या वर्षीचे इग-नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोग चांगला आहे, पण तो आमच्या शाखेत यशस्वी होणार नाही. ते वाचणारे इंग्रजीत वाढलेले होते. लांब शब्द पाहून त्यांना लेखक बावळट वाटला. आमच्याकडे लांब शब्द पाहून माणसाला स्वतः बावळट असल्यासारखे वाटते. फॉर्म हातात घेऊन दोन मिनिटे तो उलटसुलट करतो, आजूबाजूला पाहतो आणि विचारतो, "साहेब, सही कुठे करू?" काय लिहिले आहे, असे विचारत नाही.

इथे माझा खरा प्रश्न सुरू होतो. समोरच्याला कळणार नाही हे पक्के ठाऊक असताना अवघड शब्द वापरणे हा नुसता डौल, की मापात मारणे? दुकानदाराने किलोत पन्नास ग्रॅम मारले तर त्याला पकडायला इन्स्पेक्टर आहे. शब्दांना इन्स्पेक्टर नाही. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या शास्त्रात प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. देणारा आणि घेणारा. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात ही पद्धत मांडली, आणि तेव्हापासून जगभरचे कारकून एका बाजूला लिहिले की दुसऱ्या बाजूला लिहितात. शब्द हाही व्यवहारच. मी बोललो ही एक बाजू, तुम्हाला पोचले ही दुसरी. मी बोललो आणि तुम्हाला पोचले नाही, तर नोंद एकेरी झाली. असा न जुळणारा फरक आम्ही तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतो. देशातली निम्मी शब्दसंपत्ती माझ्या हिशेबाने त्या खात्यात पडून असावी.

आता कुणी म्हणेल, सोपे आहे, साधे शब्द वापरा म्हणजे झाले. ब्रिटिश सरकारने आपल्या नोकरांसाठी सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून 'प्लेन वर्ड्स' नावाचे पुस्तक लिहवून घेतले. ते १९४८ साली निघाले. फार चांगले पुस्तक. पण साधेपणावर माझा तितकासा विश्वास नाही. "उद्या या." यात अवघड शब्द दाखवा! "साहेब आत्ताच बाहेर गेलेत." "तुमचं काम झालंच म्हणून समजा." "काळजी करू नका." दुसरी-तिसरीतल्या मुलालाही अर्थ कळतो, आणि माणसांची आयुष्ये या चार वाक्यांत निघून गेलेली आहेत. खोटे बोलायला लुईसच्या पुस्तकाची गरज पडत नाही. उलट अवघड शब्दांत खोटे बोलले तर निदान ऐकणारा सावध होतो.

आणि मराठी म्हणजे सोपे असेही नाही. चेक न वटण्याचा कायदा इंग्रजीत 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट', १८८१ सालचा. त्याचे मराठी 'परक्राम्य संलेख अधिनियम'. हे ऐकल्यावर गिऱ्हाईक म्हणते, इंग्रजीच बरे होते. पण त्याच खात्यात एक शब्द असा आहे, की त्याच्यासाठी मी लॅटिनचा सगळा गोठा ओवाळून टाकीन. 'हायपॉथिकेशन'! ग्रीक मुळाचा हा शब्द मला कॉलेजात दोन वर्षे छळत होता. मराठीत त्याला 'नजरगहाण' म्हणतात. माल तुमच्याच गोदामात, ट्रक तुमच्याच दारात. आमची त्यावर फक्त नजर. कुणा जुन्या, व्यवहारात मुरलेल्या माणसाने हा शब्द घडवला असेल, त्याला माझा नमस्कार. वीस मार्कांचे उत्तर त्याने एका शब्दात बसवून दिले.

तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचे दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. एका रविवारी सकाळी मामा एक नोटीस घेऊन आले. इस्त्री केल्यासारखी तिची घडी होती. एका पतसंस्थेच्या वकिलाची, तीन पानी, इंग्रजी. मामांच्या नात्यातल्या एका मुलाने टेम्पोसाठी कर्ज काढले होते. मामा आणि मुलाचा चुलता असे दोघे जामीन. टेम्पो अपघातात गेला, मुलगा गाव सोडून गेला, आणि चौऱ्याऐंशी हजार बाकी होते.

मामा काळजीत दिसत नव्हते. म्हणाले, "साहेब, तसं मला कळलंय सगळं. नातवानं मोबाईलमध्ये बघून सांगितलं. हा शब्द बघा."

त्यांच्या बोटाखाली 'जॉइंटली अँड सेव्हरली' होते.

"पहिल्यांदा मला वाटलं सेव्हरली म्हणजे कडक. कडक कारवाई करणार म्हणून. रात्रभर झोप नाही. मग नातू म्हणाला, आजोबा, ते सिव्हिअरली. हे सेव्हरल. सेव्हरल म्हणजे अनेक. म्हणजे मी एकटा नाही, अनेक जण आहेत. पोरगा, त्याचा चुलता आणि मी. तिघांत अठ्ठावीस-अठ्ठावीस हजार. माझे अठ्ठावीस मी टप्प्याटप्प्यानं देईन म्हणतो. तेवढं पत्र लिहून द्या."

नातवाने काही चुकीचे केले नव्हते. सेव्हरल म्हणजे अनेक, हे शाळेच्या पुस्तकात आहे, कोशात आहे, मोबाईलमध्ये आहे. पण कायद्याच्या कागदावर हा शब्द आपला जुना अर्थ घेऊन बसतो. तिथे सेव्हरली म्हणजे सुटासुटा, एकेकटा. सगळे मिळून जबाबदार, आणि प्रत्येक जण एकटाही पुऱ्या रकमेला जबाबदार. त्याच नोटिशीत खाली 'को-एक्स्टेन्सिव्ह' होते. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमातला हा शब्द. करारात वेगळे ठरले नसेल तर कर्जदाराचे जेवढे देणे तेवढेच जामीनदाराचे. आधी मुलाला शोधा, मग माझ्याकडे या, असेही मामांना म्हणता येत नव्हते.

नातवाच्या अर्थाने मामा अठ्ठावीस हजारांत सुटत होते आणि खऱ्या अर्थाने चौऱ्याऐंशी हजारांत अडकत होते. छप्पन्न हजारांचा फरक एका शब्दात. त्या क्षणी माझ्या इतक्या वर्षांच्या शब्दसंपत्तीचा जो काही उपयोग होता तो हा, की मामांना रात्री पुन्हा झोप लागणार नाही असे वाक्य मला साध्या मराठीत बोलायचे होते. मी ते बोललो. "मामा, तिघांपैकी ज्याच्याकडे सापडतील त्याच्याकडून ते सगळे पैसे घेऊ शकतात. तुमच्या एकट्याकडूनसुद्धा."

मामा गप्प बसले. हिने आणलेला चहा त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग म्हणाले, "सही केली तेव्हा तिथल्या माणसाला मी विचारलं होतं, हे काय लिहिलंय. तो म्हणाला, काही नाही हो, फॉरमॅलिटी असते."

मघाशी मी साध्या खोट्यांची यादी दिली, तीत हे पाचवे वाक्य घालायला हवे.

"कळलं असतं तर सही केली नसती का?" हिने विचारले.

"केली असती वहिनी. नात्याचं पोर. नाही कसं म्हणायचं? पण मग बायकोला सांगून केली असती. आता घरी जाऊन सांगायचं म्हणजे..." पुढचे त्यांनी चहाबरोबर गिळले.

या उत्तराने मला बराच वेळ बेचैन केले. मामांची तक्रार पैशांबद्दल नव्हती. सही त्यांनी तशीही केली असती. परोपकारच होता तो, लुईसच्या भाषेत अल्ट्रुइझम. पण आपण किती मोठा परोपकार करतो आहोत हे त्यांना कुणी कळू दिले नाही. माणसाकडून त्याला न सांगता चांगुलपणा काढून घेणे ही कोणत्या जातीची चोरी? पैसे चोरले तर 'डीफाल्केशन' आहे. याला मला अजून शब्द सापडलेला नाही, आणि हा शोध मी 'झेड'पर्यंत जाऊन केला आहे.

नोटिशीतल्या अवघड शब्दांचा मी राग राग केला असता, पण तोही पुरता करता येईना. 'सेव्हरली' हा शब्द निरर्थक डौल नव्हे. तो काढला तर त्याच्या जागी दोन ओळी घालाव्या लागतात, आणि त्या ओळींतून वाट काढायला दुसरा वकील टपलेला असतो. मराठी फॉर्मांवर 'वैयक्तिक व सामुदायिक जबाबदारी' असे छापलेले असते. तेही वाचून कुणाला चौऱ्याऐंशी हजारांचा आकडा दिसत नाही. शब्दाने आपले काम चोख केले होते. शब्दाशेजारी बसलेल्या माणसाने केले नव्हते. बँका-पतसंस्थांत अशी टेबले पुष्कळ आहेत आणि त्या प्रत्येकामागे माझ्यासारखाच कुणी बी.कॉम. बसलेला असतो. संध्याकाळची सव्वापाचची लोकल त्यालाही गाठायची असते. एका जामीनदाराला नीट समजावून सांगायला वीस मिनिटे लागतात, आणि तो समजून घेऊन उठून गेला तर कर्जाची केस जाते. तेव्हा 'फॉरमॅलिटी' हा शब्द सर्वांच्या सोयीचा ठरतो. त्या एका शब्दावर किती संसार नजरगहाण पडले असतील!

मी मामांना कायद्याची दुसरी बाजूही सांगितली. त्याच करार कायद्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे दोन जामीनदारांनी बोजा आपसांत सारखा उचलायचा असतो. पतसंस्थेने मामांकडून सगळे वसूल केले तरी मुलाच्या चुलत्याकडून निम्मे मागायचा मामांना हक्क आहे. मुलाकडूनही मागता येतात, पण त्याला आधी मुलगा लागतो. मामांनी ते दोनदा म्हणवून घेतले. मग तो शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून मागितला. मी लिहून दिला, 'सेव्हरली'. कागदाची चार घड्या करून त्यांनी तो खिशात ठेवला.

तीन-चार आठवडे मामांचा काही पत्ता नव्हता. कपडे त्यांचा नातू आणून द्यायचा. मग एके दिवशी शर्ट घेऊन स्वतः मामाच आले. चेहरा ताजा इस्त्रीचा.

"मिटलं साहेब. चुलत्यानं बेचाळीस आणून दिले. माझे मी निम्मे भरले, निम्म्याला सहा महिने मुदत दिलीय."

"चुलता तर ऐकत नव्हता म्हणालात?"

"कुठलं ऐकतोय! म्हणे, माझा काही संबंध नाही. तीन वेळा गेलो, दारात उभं केलं नाही. चौथ्यांदा गेलो तेव्हा तुमचा तो कागद काढला. म्हटलं, भाऊ, वकिलानं लिहिलंय, आपण सेव्हरली आहोत. त्यानं दोनदा विचारलं, सेव्हरली? म्हटलं, सेव्हरली. घाम फुटला हो त्याला. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन दारात."

"पण मामा, त्याला वाटलं असेल सिव्हिअरली. कडक कारवाई. तुम्ही अर्थ नाही सांगितलात?"

"त्यानं विचारलाच नाही," मामा म्हणाले, आणि शर्टाचे पंधरा रुपये मागितले.